कंदील धरायला सासू असते

एप्रिल संपत आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अन् अशा वेळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मोबाईल डोक्याच्या वर धरून बसलो होतो, कारण नेटवर्क तेवढ्याच जागी येतं. बाजूला आईनं टाकलेल्या कुरड्या वाळत होत्या. मी शोधत काय होतो, तर 'थोर परिचारिका'.

झालं असं की तालुक्याला नर्सिंगचं शिकवणारी एक संस्था आहे, त्यांचा १२ मेचा, परिचारिका दिनाचा कार्यक्रम. मी झेडपीचा मास्तर, जयंत्या-पुण्यतिथ्यांची भाषणं लिहून देण्यात माझा हात बसलेला, त्यामुळं त्यांचा फोन आला की सर वीस मिनिटांचं काहीतरी लिहा, चार-पाच थोर नर्सेस घ्या, पोरींना प्रेरणा मिळाली पाहिजे. मी हो म्हटलं. म्हटलं त्यात काय, जन्म, मृत्यू, त्याग, सेवा, एक शेर, संपलं.

आई माझी एएनएम, म्हणजे खेड्यातल्या उपकेंद्रावरची नर्स होती. दीड वर्षाचा कोर्स करून १९८३ साली लागली अन् ३१ मे २०२० ला रिटायर झाली. म्हणजे सदतीस वर्षं उपकेंद्रात, चार गावं बदलून. घरात सदतीस वर्षांची नर्स बसलेली असताना मी गच्चीवर चढून इंग्लंडच्या नर्सेस शोधत होतो, हे माझ्या त्या दिवशी डोक्यातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी खाटेवर बसून तिला फ्लोरेन्स नाइटिंगेल वाचून दाखवली. १२ मे १८२० चा जन्म, श्रीमंत घरची पोरगी, घरच्यांचा विरोध, क्रिमियाचं युद्ध, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचली, रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरायची. मोबाईलवर चित्रही दाखवलं, तेच ते, उजव्या हातात दिवा अन् डोक्यावर पांढरी टोपी.

आईनं चष्मा वर करून बघितलं अन् म्हणाली, "अन् मंग काम कोन्त्या हातानं करे?"

मी म्हटलं म्हणजे?

"कंदील धराले सासू राह्यते ना. नाई तं दाई. नर्सचे दोनी हात मोकये पाह्यजेत. एका हातानं डिलिव्हरी होते काय?"

आता हे भाषणात कुठं बसवायचं? पण डोक्यातून जाईना, म्हणून मी दिव्याच्याच मागं लागलो. तर कळलं की चित्रात जो अलाउद्दीनछाप दिवा दाखवतात तो तिच्या हातात नव्हताच, तुर्कस्तानात जो घडीचा फानूस वापरायचे, कागदा-कापडाचा, आकाशकंदिलासारखा मिटवता येणारा, तसला होता. अन् नर्सिंगच्या पोरी दिवा हातात घेऊन जी 'नाइटिंगेल शपथ' घेतात ती नाइटिंगेलनं लिहिलेलीच नाही, ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट बाईच्या पुढाकारानं तयार झाली. म्हणजे दिवा वेगळा, शपथ दुसरीची. मग बाईचं स्वतःचं काय होतं?

तर रजिस्टर.

मला खरंच माहीत नव्हतं हो. स्कुटारीला ती गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की मेलेल्यांची नोंद तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत होते अन् तिन्हींचा आकडा वेगळा येतो. म्हणजे माणूस मेला हे पक्कं, पण किती मेले अन् कशानं मेले हे कोणालाच धड माहीत नाही. परत आल्यावर ती आजारी पडली, पुढची कित्येक वर्षं बहुतेक खोलीतच काढली, अन् त्या खोलीत बसून आकडे जुळवले. १८५८ साली तिनं काढलेली ती गोल चक्राची आकृती आजही दाखवतात, त्यात निळा भाग रोगानं मेलेल्यांचा अन् लाल भाग जखमांनी मेलेल्यांचा, अन् निळा एवढा मोठा की लाल शोधावा लागतो. शत्रूच्या गोळीनं कमी अन् आपल्याच दवाखान्याच्या घाणीनं जास्त मेले, हे तिनं सरकारच्या तोंडावर चित्र काढून सांगितलं. त्याच साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं, तोवर तिथं एकही बाई नव्हती.

हे मी आईला सांगितलं तर ती हसायला लागली. "तीनच रजिस्टर? मायाकडं वीस-बावीस होते."

अन् मोजायलाच लागली बोटांवर. गरोदर मातांचं, जननक्षम जोडप्यांचं, लसीकरणाचं, जन्ममृत्यूचं, कॉपर-टीचं, गोळ्या-निरोधचं, साठ्याचं, मलेरियाच्या रक्तनमुन्याचं, पाण्याच्या नमुन्याचं, जुलाबाचं, कुपोषित पोरांचं, दौऱ्याची डायरी वेगळी. पाच हजार वस्तीमागं एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजार, असा नियम, पण ते पाच हजार एका जागी थोडेच बसतात. तिच्याकडं पाच गावं अन् दोन पोड, कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडं पोड म्हणतात, अन् मधी नाला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती व्हॅक्सिनचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडं जायची, हे मी लहानपणी डोळ्यानं बघितलंय. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, माझी काळजी एवढीच की आई वेळेवर आली नाही तर भाकर कोण टाकेल.

नाइटिंगेल भारतात कधीच आली नाही. पण भारतातल्या प्रत्येक लष्करी छावणीला तिनं छापील प्रश्नावल्या पाठवल्या, पाणी कुठून येतं, नाली कुठं जाते, संडास किती लांब, अन् उत्तरांचे गठ्ठे घरी मागवून वाचले. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात आलं की इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ मरतात. पुढं सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा ती भारतातल्या खेड्यांच्या सांडपाण्यावर लिहीत होती. आता ही बाई भाषणात आणायची तर वीस मिनिटं तिलाच पुरत नाहीत. अन् खरं सांगू, दिवा घेतलेली नाइटिंगेल मला कधीच फार आवडली नव्हती, ही प्रश्नावल्या पाठवून लोकांना भंडावून सोडणारी मात्र एकदम ओळखीची वाटली, आमच्या तालुक्याच्या बैठकीला फॉर्म मागणाऱ्या मॅडमसारखी.

मेरी सीकोल वाचून दाखवली तेव्हा आईचे कान टवकारले. जमैकातल्या किंग्स्टनची, १८०५ ची, गडी-बाया सगळ्यांना औषध देण्याचं काम आईकडून शिकलेली. क्रिमियाला नर्स म्हणून जायला अर्ज केला, घेतलं नाही, तर स्वतःच्या पैशानं गेली अन् बालाक्लाव्हाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' टाकलं, तिथं सैनिकांना जेवण, सामान विकायची अन् आजाऱ्यांचं बघायची. १८५७ साली स्वतःचं आत्मचरित्र छापलं. आई म्हणाली, "म्हंजे दुकान बी अन् दवाखाना बी. हुशार हाये बाई." लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलसमोर, म्हणजे ज्या हॉस्पिटलात नाइटिंगेलनं १८६० साली नर्सिंगची शाळा काढली त्याच हॉस्पिटलसमोर, २०१६ मध्ये सीकोलचा पुतळा बसला, अन् त्यावरून तिथं भांडणंही झाली. पुतळ्यांची भांडणं काय फक्त आपल्याकडंच होतात असं नाही.

पण आईला खरी आवडली ती मेरी ब्रेकिन्रिज. घराणं अमेरिकेतल्या केंटकीचं. दोन लेकरं गेली तिची, एक पोरगी जन्मल्या जन्मल्या अन् पोरगा चार वर्षांचा होऊन. त्यानंतर इंग्लंडला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आरोग्यसेवा कशी चालते ते जाऊन पाहिलं अन् १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगरात, जिथं धड रस्ता नाही तिथं, फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस सुरू केली. नर्सेस घोड्यावरून जायच्या. खोगिराच्या पिशव्यांत बाळंतपणाचं सगळं सामान. लोकांकडं पैसे नसले तर धान्य, चारा नाहीतर अंगमेहनत, काहीही चालायचं. अन् पहिल्यापासून प्रत्येक बाळंतपणाची नोंद, इतकी नीट की पुढं एका विमा कंपनीच्या हिशेबतज्ज्ञांनी तिचे आकडे तपासून काढले.

"घोडा?" आई म्हणाली. "सरकारी का सोताचा?"

म्हटलं संस्थेचा असेल.

"मले तं सायकलचा बी भत्ता भेटला नाई." मग थोडा वेळ थांबून, "चार वर्साचा पोरगा गेला म्हने तिचा?"

मी हो म्हटलं. ती उठून आत गेली, कुकरची शिट्टी झाली होती असं दाखवून. माझ्याआधी आईला एक पोरगी झाली होती, ती सहा दिवसांत गेली. आई तेव्हा दुसऱ्या गावात कोणाचं तरी बाळंतपण करत होती. घरात यावर कोणी बोलत नाही, अन् मी पण इथं यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तर भारतातल्या नर्सेसकडं वळलो. सावित्रीबाई घ्यायच्याच होत्या. त्यांचं चित्र आमच्या शाळेत आहे, पुस्तक हातात. पण १८९७ च्या प्लेगात त्यांनी अन् त्यांचा दत्तक मुलगा डॉक्टर यशवंतनं पुण्याबाहेर माळावर दवाखाना काढला होता, अन् मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यातच लागण होऊन १० मार्चला गेल्या. हे तसलं चित्र मी कुठल्याच शाळेच्या भिंतीवर पाहिलं नाही. पाठीवर पोरगं घेतलेली सावित्रीबाई.

मग पाठ्यपुस्तकं चाळली. नर्सिंगच्या इतिहासाच्या धड्यात एक ओळ येते, १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय नर्स प्रशिक्षणाला आली. पुढची ओळ दुसऱ्याच विषयावर. नाइटिंगेलची हजारो पत्रं जपलेली, खंडच्या खंड निघालेत, अन् काशीबाईला एक ओळ, तीसुद्धा पोरी परीक्षेत रिकाम्या जागा भरायला पाठ करतात. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं ससूनमध्ये बायांना नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा 'चांगल्या घरच्या' पोरीनं हे काम करावं का यावर केवढा गहजब झाला असेल याची कल्पना येते, कारण १९८३ ला माझ्या आजोबांच्या घरीसुद्धा तोच गहजब झाला होता. रात्री-बेरात्री परक्याच्या घरी जाणारी पोरगी, तिला सोयरीक कशी येईल. आली, माझ्या बापाची आली, तो कंडक्टर, तोही रात्री-बेरात्री बाहेर, जमून गेलं.

अन् मग सापडल्या कमलाताई होस्पेट, आमच्या नागपूरच्या.

आता इथं मला माझीच लाज वाटली. सीताबर्डीचा मातृसेवा संघ विदर्भात कोणाला माहीत नाही? माझी मामेबहीण तिथं जन्मली. आमच्याकडं 'मातृसेवा संघात झाला' हे असं म्हणतात जसं 'गावात झाला' म्हणावं, जागेचं नाव असल्यासारखं. ती जागा कोणी काढली हा प्रश्न पडलाच नाही कधी, अन् पडला असता तर मी म्हटलं असतं असेल कोणी डॉक्टर नाहीतर शेठजी. तर काढली एका नर्सनं. लहान वयात विधवा झालेली बाई, नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात नर्सिंग-सुईणपण शिकली, अन् १९२१ मध्ये वेणूताई नेने यांना सोबत घेऊन प्रसूतिगृह सुरू केलं. ज्या काळात विधवेचं तोंड पहाटे दिसलं तर अपशकुन मानायचे त्या काळात घराघरातल्या सवाष्णींची पहिली लेकरं एका विधवेच्या हातात जन्माला येत होती. याच्यावर मी गच्चीवर बसून बराच वेळ विचार करत राहिलो, मोबाईलची बॅटरी गरम होऊन बंद पडली. पुढं विदर्भात गावोगाव शाखा निघाल्या, समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, वृद्धांसाठी अन् मतिमंद मुलांसाठी काम उभं राहिलं, कमलाताईंना पद्मश्री मिळाली. हे सगळं मला क्रिमियाला जाऊन आल्यावर कळलं, नागपूर एसटीनं चार तास.

आई म्हणाली, "मले मालूम होतं. ट्रेनिंगले आमच्या सिस्टर ट्युटर सांगत जाय." मग सांगितलं का नाही? "तू कुठं इचारलं?"

तिथून मी मोबाईल ठेवला अन् तिलाच विचारायला लागलो.

एक सांगतो, सगळं गोड नाही निघालं. रजिस्टरची मला जी नवी भक्ती लागली होती ती तिनं दोन दिवसांत उतरवली. १९९६ च्या आधी फॅमिली प्लॅनिंगचं टार्गेट असायचं, वर्षाला एवढ्या ऑपरेशनच्या केसेस आणायच्याच, नाही आणल्या तर भर बैठकीत उभं करायचे, पगार अडकायचा. मार्च जवळ आला की ती झोपायची नाही, बायांच्या घरी चकरा, कोणाची सासू शिव्या द्यायची, कोणी दार लावून घ्यायचं, अन् ज्या बाईकडं पोरगं बघायला गेलं पाहिजे तिच्याकडं केस मागायला जावं लागायचं. "मार्च एंडिंगले सगयेच आकडे जुयते," ती म्हणाली, "माये बी जुयले." यापुढं मी विचारलं नाही. नाइटिंगेलला वाटायचं आकडा खरा असला की सरकार सुधारेल, माझ्या आईनं सरकारला आवडेल तो आकडा कसा तयार होतो हे आतून पाहिलंय.

अन् एकदा तिच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. गडचिरोलीला डॉ. अभय अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात पोराचं वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा देणं. ३९ गावांत हे केलं अन् तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. आई सांगते, आमच्यात तेव्हा चर्चा व्हायची की दीड वर्ष शिकून आम्ही इंजेक्शन देतो अन् चौथी पास बाई देणार? "राग आलता मले." मग? "मंग काय. आपल्या गावात आशा आल्या, वजनकाटा त्यायच्या बी हाती आला. पोरगं वाचते नं. मले बी आराम झाला." असं कबूल करणारी माणसं मला चरित्रांमध्ये फार कमी भेटली.

२०२० हे साल जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका अन् सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, नाइटिंगेलला दोनशे वर्षं झाली म्हणून. आई त्याच वर्षी रिटायर झाली, लॉकडाऊनमध्ये, पुण्या-मुंबईहून आलेल्या मजुरांच्या हातावर शिक्के मारत. निरोप समारंभ नाही, साडी-चोळी नाही, नारळ नाही. चार्ज दिला अन् लुनावर घरी आली. नंतर कधीतरी उपकेंद्राची दुरुस्ती निघाली तेव्हा जुनी रजिस्टरं कोणीतरी बाहेर काढून ठेवली, रात्री पाऊस आला, सकाळी लगदा. सदतीस वर्षांतली किती वर्षं त्यात होती माहीत नाही. मी चिडलो, ती नाही चिडली. म्हणाली, "मायाजोड हायेत."

तिच्याजवळ होत्या. लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली, बियाणं कंपन्यांनी फुकट वाटलेल्या डायऱ्या, कव्हरवर कपाशीचं बोंड. सरकारी रजिस्टर भरायच्या आधी ती रात्री घरी यात लिहायची, बाळंतपण कुठं, किती वाजता, पोरगा की पोरगी, वजन, बाईचं रक्त किती, वार पडली की नाही, अन् समासात पेन्सिलनं काहीबाही. 'दिवा नव्हता, ट्रॅक्टरचा लाइट.' 'नाला भरून, बंडीतच.' 'सासूने गूळ दिला.' 'पायाळू. वाचला.' एके ठिकाणी नुसतं 'उशीर झाला मला' अन् खाली रेघ.

मला तर हातात घबाड लागल्यासारखं झालं. म्हटलं हेच भाषण, पानांचे फोटो काढतो, पडद्यावर दाखवू, पोरींना कळू दे. मोबाईल काढला तर तिनं पानावर हात ठेवला.

"फोटो नाई काढाचा."

का?

"बायांचे नावं हायेत याच्यात. कोणाचं काय झालतं, कोणाचं पाडलं, कोणाले कोणापासून. त्या बाया जिवंत हायेत, त्यायच्या सुना त्या कालेजात शिकून राह्यल्या."

मी डेट्रॉइटच्या त्या शपथेचा कागद शोधून पाहिला, त्यात ओळ आहेच, रुग्णाच्या अन् त्याच्या घरच्या ज्या गोष्टी माझ्यावर विश्वासानं सोपवल्या जातील त्या मी गुप्त ठेवीन. आईला शपथेतलं एक वाक्य आठवत नाही, मी विचारून पाहिलं.

शेवटी तडजोड झाली. फोटो नाही, हातानं उतरवायचं, अन् तेही ती सांगेल तेवढंच. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात खाट टाकली, लाइट गेलेली होती म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावला. तिनं डायरी मांडीवर घेतली, डावा तळवा नावांच्या रकान्यावर पालथा ठेवला अन् उजव्या हाताचं बोट ओळीवरून फिरवायला लागली.

"उजेड इकडं धर. हां. लिही आता. ऑगस्ट, नऊ तारीख. रात्रीचे तीन. पोरगी. दोन किलो सातशे."

मी एका हातानं टॉर्च धरून दुसऱ्या हातानं लिहायला गेलो तर वही घसरायला लागली. तिनं माझ्या बायकोला हाक मारली, टॉर्च धरायला.